बाजरीच्या कणसावरचा हिरवा भुंगा कोणता? खानदेशातले फुलांवरचे भुंगेरे: फोटो आणि ओळख

पाऊलखुणा, पारोळा
२२ ऑगस्ट, रात्री ९:१०

नमस्कार मंडळी. गेल्या रविवारी मामाच्या वावरात गेले होते. बोरी नदीच्या अलीकडे त्याची दीड एकर बाजरी आहे, नुकतीच फुलोऱ्यात आलेली. सकाळी साडेसहाला बांधावर उभी राहिले आणि बघते तर दर चार-पाच पावलांवर एखाद्या कणसावर हिरवा भुंगा बसलेला.

एकाच्या अगदी जवळ गेले, वीतभर अंतरावर. कणीस दवानं ओलं होतं. त्यानं सहाही पायांनी कणसाला मिठी घातली होती आणि डोकं आत खुपसलं होतं. अंगावर, विशेषतः कडेनं आणि पोटाखाली, लांब पिवळट केस. त्या केसांत बाजरीचे परागकण अडकून पिवळी पूड माखल्यासारखी दिसत होती. पाठ मात्र झळझळीत हिरवी. मी जरा उजवीकडे सरकले तर त्याच हिरव्यात तांबूस छटा आली. दोन कणसं सोडून दुसरा होता, तो तर जवळजवळ पूर्ण तांब्याच्या रंगाचा.

मोबाइलला क्लिपची मॅक्रो लेन्स लावून चार फोटो काढले, खाली दिले आहेत. चारही वरून आहेत. तिसऱ्यात पाठीवर पांढरा डाग दिसतो तो फ्लॅशचा आहे, भुंग्याचा नाही.

मामा म्हणतो हा हुमणीचा, म्हणजे पिकाची मुळं खाणाऱ्या अळीचा भुंगेरा, दिसला की चिरडायचा. मला सोनकिडा वाटतोय. कोणी नक्की सांगेल का? आणि हिरवा आणि तांबूस हे दोन वेगळे आहेत की एकच?

लळिंग_कुरण, धुळे
२२ ऑगस्ट, रात्री ९:४८

ताई, फोटो छान आहेत. मला सोनकिडाच वाटतोय. आमच्याकडे लळिंगच्या पायथ्याला बोरीच्या झाडांवर पावसाळ्यात असेच हिरवे दिसतात.

सातपुड्याचा_वाटसरू, रावेर
२३ ऑगस्ट, सकाळी ७:०५

हा सोनकिडा नाही आणि हुमणीचाही नाही. सविस्तर लिहितो, कारण हाच गोंधळ दर पावसाळ्यात होतो आणि त्यात बिचारे भुंगे मरतात.

पहिल्या फोटोत डाव्या मिशीकडे बघा. टोकाला तीन पानांचा छोटा पंखा मिटल्यासारखा दिसतोय. अशी पंख्याची मिशी शेणकिडे, हुमणी, गेंड्या भुंगा आणि फुलांवरचे हे भुंगेरे यांच्या कुळात असते. सोनकिड्याची मिशी करवतीच्या दात्यांसारखी असते, टोकाला पंखा नसतो. सोनकिड्याचं अंग होडीसारखं, मागे निमुळतं होत गेलेलं आणि बोटानं टकटक केलं तर वाजेल इतकं कडक. बोर, खैर, बाभळीवर जे मोठे सोनकिडे दिसतात ते पानं खातात. बोरीला तेव्हा फुलं असली तरी तो फुलासाठी आलेला नसतो. किडा फुलावर सापडला म्हणजे तो फूल खातोच असं नाही, हे लक्षात ठेवलं की निम्मा गोंधळ मिटतो.

हुमणीचे भुंगेरे तपकिरी, मळकट रंगाचे असतात. पहिला जोराचा पाऊस झाला की अंधार पडताना जमिनीतून निघतात आणि कडुनिंब, बाभूळ, बोरीचा पाला खातात. सकाळच्या उजेडात, फुलोऱ्यातल्या कणसावर, परागात डोकं घालून बसलेला झळझळीत भुंगा हुमणीचा नसतो.

तुमचा भुंगा काइलोलोबा ॲक्युटा. फुलभुंगेऱ्यांपैकी, म्हणजे सेटोनिनी उपकुळातला. बाजरी, ज्वारी आणि गवतांच्या फुलोऱ्यावर ऑगस्ट ते ऑक्टोबर दिसतो, पराग खातो. अंगावरचे लांब केस ही त्याची मोठी खूण. हिरवा, निळसर हिरवा, तांबूस अशा सगळ्या रंगांत तो येतो, एकाच शेतात, एकाच सकाळी. त्यामुळे तुमचे दोन्ही एकच.

आता एक विनंती. चारही फोटो वरून आहेत. उद्या परवा गेलात तर कडेनं एक काढा. खांद्याच्या जरा मागे, वरच्या कडक पंखाच्या काठाला एक खाच दिसेल, कोणी कात्रीनं कोपरा कापून घ्यावा तशी. बहुतेक भुंगेरे उडताना वरचे कडक पंख उघडतात. फुलभुंगेरे ते मिटलेलेच ठेवतात आणि आतले पातळ पंख या खाचेतून बाहेर काढून उडतात. म्हणून उडताना ते मोठ्या माशीसारखे किंवा मोठ्या मधमाशीसारखे वाटतात, आणि म्हणून ते इतके सफाईनं फुलाफुलांवर वळतात. ती खाच फोटोत आली की वाद संपतो.

लळिंग_कुरण, धुळे
२३ ऑगस्ट, सकाळी ८:२०

वाटसरूदादा, माझी चूक. मिशी मी बघितलीच नव्हती, रंग बघून लिहिलं. आता मोठा करून बघितला, पंखा स्पष्ट आहे.

पाऊलखुणा, पारोळा
२५ ऑगस्ट, रात्री ८:३०

खाच मिळाली! फोटो ५ बघा. सहा वाजताच गेले होते. भुंगे गारठलेले, हलत नव्हते, त्यामुळे अगदी कडेनं काढता आला. नऊच्या सुमारास ऊन चढलं आणि एकेक उडायला लागला. मामाला शेजारी उभं केलं आणि म्हटलं, पंख उघडतोय का बघ. त्यानं तीन-चार वेळा बघितलं. मग म्हणाला, "खरंच की, झाकण बंदच आहे याचं." आता तो त्यांना चिरडत नाही. पण विचारतोय की पराग खाल्ल्यानं दाणा कमी भरतो का?

सातपुड्याचा_वाटसरू, रावेर
२५ ऑगस्ट, रात्री ९:१५

बाजरीत आधी स्त्रीकेसर बाहेर येतात, पुंकेसर त्यानंतर काही दिवसांनी. परागीभवन मुख्यतः वाऱ्यानं होतं आणि एकेका कणसातून परागही अमाप निघतो. चार-पाच पावलांवर एक भुंगा असेल तर मामांनी काळजी करू नये. एका कणसावर चार-पाच जमले आणि शेतभर तशी स्थिती असेल तर मात्र कृषी सहायकाला दाखवून ठरवावं. फवारणीची घाई नको, त्याच वेळी कणसावर मधमाश्याही असतात.

तोरणमाळ_धुकं, नंदुरबार
२६ ऑगस्ट, दुपारी १:४०

चांगला धागा. मीही भर घालतो.

तोरणमाळच्या वाटेवर, घाट सुरू होण्याआधी एका शेतात कपाशीच्या फुलात मला विटकरी लाल रंगाचा, काळे आणि पांढरे ठिपके असलेला भुंगा दिसला. कपाशीचं फूल उमललं त्या दिवशी पिवळट पांढरं असतं आणि नंतर गुलाबी होत जातं. भुंगा पहिल्या दिवसाच्या फुलात होता, तळाशी. शेजारच्या गुलाबी फुलात कोणी नव्हतं. पुढे वांग्याच्या फुलावरही तोच, पण ठिपके वेगळे. एकाच्या पाठीवर काळा रंग इतका पसरलेला की लाल नुसती किनार उरली होती.

आयनॅचरलिस्टवर (निसर्गनोंदींचं संकेतस्थळ, फोटोवरून नाव सुचवतं) टाकला तर यंत्रानं पहिली सूचना दिली ती युरोपातल्या गुलाबावरच्या हिरव्या भुंगेऱ्याची. मी ती स्वीकारणार होतो, मग नकाशा बघितला.

सातपुड्याचा_वाटसरू, रावेर
२६ ऑगस्ट, रात्री ९:००

नकाशा बघितलात ते उत्तम केलंत. यंत्राला जिथले फोटो जास्त मिळाले तिथला भुंगा ते आधी सुचवतं. युरोपातल्या भुंगेऱ्यांचे फोटो भरपूर आहेत, सातपुड्यातल्यांचे थोडे. आपण जितके नीट फोटो टाकू तितकी ती यादी आपल्याकडची होईल. पण टाकताना जातीचं नाव माहीत नसेल तर गणावर थांबा, गणही नसेल तर कुळावर थांबा. अंदाजानं जात लिहिली आणि दोन ओळखीच्यांनी डोळे मिटून होकार दिला की ती चूक पक्की नोंद म्हणून बसते. मग तिच्याच आधारानं पुढचा माणूस चुकतो. मला स्वतःला एक प्रोटेशिया, म्हणजे फुलभुंगेऱ्यांच्याच एका गणातला, पाल गावाच्या परिसरात दिसला होता, त्याचं नाव मी आजही गणापुढे नेलेलं नाही, कारण पोटाखालचा फोटो नाही.

तुमचा लाल भुंगा गॅमेटिस व्हर्सिकलर. जुन्या पुस्तकांत ऑक्सिसेटोनिया व्हर्सिकलर म्हणून सापडेल. फॅब्रिशियस या लिनियसच्या शिष्यानं १७७५ साली त्याचं वर्णन केलं. व्हर्सिकलर म्हणजेच रंग बदलणारा. नाव ठेवणाऱ्यालाही ठिपक्यांचा हा खेळ दिसला असणार. त्यामुळे ठिपके मोजून जाती वेगळ्या करू नका. भारतातल्या फुलभुंगेऱ्यांवरचा गिल्बर्ट ॲरो यांचा ग्रंथ १९१० सालचा आहे, आजही लोक त्याच्याकडे परत जातात. नावं बदलली तरी वर्णनं पक्की आहेत.

लळिंग_कुरण, धुळे
२७ ऑगस्ट, रात्री १०:२५

ओळखीत माझी चूक झाली, पण फोटो काढण्यात माझी बरीच वर्षं गेली आहेत, त्याबद्दल सांगतो. ज्यांच्याकडे कॅमेरा नाही त्यांनीही वाचावं, यातलं बरंचसं मोबाइलला लागू आहे.

या भुंग्यांचा झळाळ रंगद्रव्याचा नसतो. कवचात अतिशय पातळ थर असतात, त्यांवरून परतणाऱ्या प्रकाशाचा तो रंग. म्हणूनच ताई सरकल्या तेव्हा हिरव्याचा तांबूस झाला. आणि म्हणूनच थेट फ्लॅश मारला की पाठीवर चुन्याचा ठिपका उमटतो आणि बाकीचा रंग मरतो. अशा भुंग्याला उजेड कडक नको, पसरलेला हवा. मी फ्लॅशपुढे बटर पेपरचे दोन थर लावतो, मधे बोटभर जागा सोडून. कागद भुंग्याच्या जितका जवळ तितकं चांगलं. मोबाइलवाल्यांनी फ्लॅश बंदच ठेवावा. सूर्य वर आल्यावर पांढरा रुमाल भुंगा आणि ऊन यांच्या मधे धरा आणि दुसऱ्या बाजूनं थर्माकोलच्या पांढऱ्या ताटलीनं उजेड परतवा. त्या ताटलीचं प्रतिबिंब भुंग्याच्या पाठीवर मऊ पट्ट्यासारखं येतं आणि गोलाई दिसते.

एक्स्पोजर थोडं कमी ठेवा, पाऊण स्टॉपभर. पांढरे ठिपके एकदा करपले की परत येत नाहीत. मी बहुतेक एफ ११ (लेन्सचं छिद्र) आणि १/२०० (शटरचा वेग) वर असतो. एफ २२ वर गेलं की सगळं फोकसमध्ये येईल असं वाटतं, पण बारीक केस मऊ पडतात.

महागडी मॅक्रो लेन्स नसेल तर जुनी ५० एमएम लेन्स उलटी लावायची रिंग मिळते. मी पहिली दोन वर्षं त्यावरच काढले. भुंग्याच्या फार जवळ जावं लागतं आणि फोकस हातानं करावा लागतो, म्हणजे फोकसची रिंग न फिरवता स्वतःच पुढेमागे झुलायचं. डोळ्यावर फोकस, पाठीवर नाही.

खानदेशातला वारा हा खरा शत्रू. सकाळी आठनंतर कणीस एका जागी राहत नाही. कपडे वाळत घालायचा चिमटा एका काठीला बांधा, काठी जमिनीत रोवा आणि चिमट्यानं बाजरीचं ताट धरा, भुंग्यापासून हातभर खाली. भुंग्याला कळतही नाही.

आणि मापासाठी. भुंग्याशेजारी पट्टी धरली की तो उडतो. म्हणून आधी भुंग्याचा फोटो, मग फोकस जराही न हलवता त्याच अंतरावर पट्टीचा फोटो. दोन्ही शेजारी ठेवले की लांबी मिळते.

एक गोष्ट मी आता करत नाही. पूर्वी भुंगे शांत बसावेत म्हणून डबीत घालून फ्रिजमध्ये ठेवायचो. फोटो चकाचक यायचे, पण कुठल्या फुलावर होता, काय खात होता हे सगळं त्यातून निघून जायचं. पांढऱ्या कागदावरच्या माझ्या जुन्या फोटोंपैकी निम्म्यांची ओळख आज पटत नाही, कारण झाडच माहीत नाही.

सातपुड्याचा_वाटसरू, रावेर
२७ ऑगस्ट, रात्री ११:००

शेवटचा परिच्छेद प्रत्येकानं दोनदा वाचावा. फोटोसोबत तारीख, गाव आणि झाडाचं नाव लिहा. तरोटा, कुरडू, घाणेरी, तीळ, जे आपल्याकडे म्हणतात ते लिहा. झाड कळलं नाही तर पानाचा एक फोटो जोडा.

आणि यावल अभयारण्यात किंवा दुसऱ्या कुठल्याही अभयारण्यात जात असाल तर फोटोच काढा, भुंगा डबीत घालून आणू नका. तिथून परवानगीशिवाय काहीही गोळा करणं गुन्हा आहे.

निंबाची_सावली, चाळीसगाव
२९ ऑगस्ट, सायंकाळी ६:१५

एक सावधगिरीची गोष्ट सांगायला लिहितेय.

परवा पाटणादेवीच्या बाजूला गेलो होतो. रस्त्याकडेच्या उडदाच्या शेतात पिवळ्या फुलांवर काळे भुंगे होते, पाठीवर नारिंगी आडवे पट्टे. फार देखणे. माझा नऊ वर्षांचा भाचा फोटोसाठी एकाला मनगटावर चढवून बसला. उतरवताना त्यानं जरा दाबलं असावं. मनगटावर पिवळसर तेलकट थेंब दिसला, तो त्यानं शर्टाला पुसला. दुखलं नाही म्हणून आम्हीही सोडून दिलं. रात्री झोपेपर्यंत लाल झालं आणि सकाळी द्राक्षाएवढा फोड. शर्टाची बाही जिथे कोपरावर घासत होती तिथेही दोन छोटे फोड. मुलगा दिवसभर रडत होता.

हा कोणता किडा? आणि आम्ही काय करायला हवं होतं?

सातपुड्याचा_वाटसरू, रावेर
२९ ऑगस्ट, सायंकाळी ७:००

ताई, हे हिंगे. मायलाब्रिस आणि त्याच्या जवळच्या गणातले. बाजरीवर, उडीद-मुगावर, भेंडीवर, पुढे तुरीच्या फुलोऱ्यावर येतात. दाबलं की पायांच्या सांध्यांतून रक्त सोडतात, त्यात कँथरिडिन नावाचं विष असतं. लागतं तेव्हा काही जाणवत नाही, काही तासांनी फोड येतो. पोटात गेलं तर फार घातक आहे.

थेंब लागल्या लागल्या साबण आणि भरपूर पाण्यानं धुवायचं. तेल लावायचं नाही, कारण हे विष तेलात विरघळून पसरतं. तो हात डोळ्याला, तोंडाला लागू द्यायचा नाही. कपडा लगेच बदलून धुवायचा. आता फोड फोडू नका, आणि मूल लहान आहे तर डॉक्टरांना दाखवाच.

ओळख सोपी आहे. अंग लांबट, पंख मऊ, चामड्यासारखे. डोकं आणि धड यांच्यामधे बारीक मान दिसते. फुलभुंगेऱ्याला अशी मान नसते, तो चौकोनी, गच्च आणि कडक. मुलांना हे एवढंच शिकवा: मान दिसली तर हात लावायचा नाही.

हिंग्यांवर राग येणं साहजिक आहे, तुरीची फुलं ते खरोखर फस्त करतात. पण त्यांच्या अळ्या जमिनीत नाकतोड्यांची अंडी शोधून खातात. त्यामुळे बांधावरच्या रानफुलांवर चार हिंगे दिसले तर राहू द्यावेत. तुरीत फार झाले तर सकाळी गारठ्यात हातमोजे घालून, झाड हलवून साबणाच्या पाण्याच्या बादलीत पाडावेत.

निंबाची_सावली, चाळीसगाव
३० ऑगस्ट, सकाळी ९:३०

डॉक्टरांकडे नेलं. मलम दिलं आहे, फोड सुकतोय. भाच्यानं वहीत दोन चित्रं काढलीत, मान असलेला आणि मान नसलेला. मानवाल्याखाली लाल पेन्सिलनं "हात नको" लिहिलंय.

जिभाऊ_शिरपूर
१ सप्टेंबर, दुपारी ३:५०

ताई, तुम्हनी पोस्ट वाची. हाऊ भुंगा आम्हना वावरमा बी शे. पुढचं मराठीत लिहितो, सगळ्यांना कळावं म्हणून.

माझं वय बासष्ट. आयुष्यभर उकिरड्यातल्या पांढऱ्या जाड अळ्या हुमणी समजून मारत आलो. शेणखत पसरताना दोन माणसं फक्त अळ्या वेचायला लावतो, कोंबड्यांना टाकतो. या धाग्यात वाचलं की फुलांवरचे भुंगेरे वेगळे आणि हुमणी वेगळी. मग त्यांच्या अळ्या कुठे असतात? माझ्या उकिरड्यात असतात का? वाटसरू, याचं उत्तर द्या.

सातपुड्याचा_वाटसरू, रावेर
१ सप्टेंबर, रात्री ८:४५

जिभाऊ, नेमका प्रश्न विचारलात. होय, बऱ्याच फुलभुंगेऱ्यांच्या अळ्या कुजलेल्या पाल्यात, जुन्या लाकडाच्या भुशात आणि शेणखतात वाढतात. त्या जिवंत मुळं खात नाहीत. कुजलेलं खातात आणि बारीक लेंड्या टाकतात, म्हणजे खत तयार करण्याचंच काम.

ओळखायची एक सोपी तऱ्हा आहे. अळ्या धुवू नका, तशाच एका सपाट पत्र्यावर किंवा परातीत ठेवा आणि दोन-चार मिनिटं थांबा. हुमणी कुशीवर पडून राहील, इंग्रजी सी अक्षरासारखी वाकून, आणि पायांनी धडपडेल. फुलभुंगेऱ्याची अळी उताणी होईल, पाय आकाशाकडे करील आणि पाठीवरच्या आडव्या वळ्यांनी सरकत चालू लागेल. पाठीवर चालणारी ती आपली.

तिसरीही सापडेल. अंगठ्यापेक्षा जाड, डोकं गडद आणि मोठं. ती गेंड्या भुंग्याची, नारळ-शिंदीचा शत्रू. तीही पाठीवर चालत नाही.

जिभाऊ_शिरपूर
४ सप्टेंबर, रात्री ७:२०

केलं. पितळी परात घेतली, अंगणात सावलीत ठेवली. उकिरड्याच्या कडेच्या जुन्या भागातून नऊ अळ्या आणल्या आणि भुईमुगाच्या वाफ्यातून, जिथे झाडं सुकत होती तिथून, पाच.

वाफ्यातल्या पाचही कुशीवर पडल्या. एक गोल गोल फिरली, पण उठली नाही.

उकिरड्यातल्या नऊपैकी दोन मोठ्या, काळपट डोक्याच्या, त्या तशाच राहिल्या. उरलेल्या सात आधी आक्रसून बसल्या. मी हललो नाही. मग एकीनं अंग ताणलं, एक गिरकी घेतली आणि उताणी झाली. तिचे पाय इतके तोकडे की ते हवेतच राहिले, कामाला आलेच नाहीत. पाठीवर लाटेसारखी वळी उठत होती, शेपटाकडून डोक्याकडे, आणि ती त्या लाटेवर परातीच्या काठापर्यंत सरळ रेषेत गेली. मागोमाग बाकीच्या. सातही. नातवंडं ओरडायला लागली. आमची मंडळी स्वयंपाकघरातून हात पुसत आली आणि तीही बघत उभी राहिली.

माझ्या डोळ्यांत पाणी आलं, हे लिहायला संकोच वाटत नाही. चाळीस वर्षं मी यांना कोंबड्यांपुढे टाकलं. आता सात परत उकिरड्यात सोडल्या. त्यांतली एक मात्र बरणीत ठेवायची इच्छा आहे, भुंगा कोणता निघतो ते बघायला. जमेल का?

सातपुड्याचा_वाटसरू, रावेर
४ सप्टेंबर, रात्री ९:००

जमेल. रुंद तोंडाची बरणी घ्या, तीन भाग जुनं शेणखत, एक भाग चाळलेली माती. मुठीत दाबलं तर गोळा व्हावा पण पाणी गळू नये, इतकीच ओल. झाकणाला बारीक भोकं. उन्हात ठेवू नका. अळी खाली जाऊन मातीचा लंबगोल कोश बांधेल, त्यानंतर बरणी हलवू नका आणि कोश फोडून बघू नका. बाकी वाट बघायची.

तोरणमाळ_धुकं, नंदुरबार
१२ सप्टेंबर, दुपारी २:१०

मधेच एक प्रश्न. कॉलेजच्या मागे गाजरगवतावर शेकड्यांनी भुंगे आहेत, मळकट पांढऱ्या पाठीवर काळ्या नागमोडी रेघा. कोवळी पानं आणि कळ्या कुरतडतात. हे फुलभुंगेरे का?

सातपुड्याचा_वाटसरू, रावेर
१२ सप्टेंबर, सायंकाळी ६:३०

नाही, हा मेक्सिकन भुंगा, झायगोग्रामा बायकोलोराटा. पानं खाणाऱ्या भुंगेऱ्यांच्या कुळातला. गाजरगवत आटोक्यात यावं म्हणून मुद्दाम मेक्सिकोतून आणून १९८४ मध्ये बंगळूरकडे सोडला, तिथून पसरला. काम करतोय, करू द्या. अळ्यांचेही फोटो काढा, पानांच्या टोकांना असतात.

पाऊलखुणा, पारोळा
२८ सप्टेंबर, रात्री ९:३०

मामाची बाजरी काढून झाली. भुंगे आता बांधावरच्या गवताच्या फुलोऱ्यावर गेलेत, संख्या खूप कमी. मी दर रविवारी त्याच बांधावर पाचशे पावलं चालून मोजत होते. तारीख, संख्या, झाड असं वहीत लिहिलंय. पुढच्या वर्षी पेरणीपासून मोजणार आहे. मामानं आपणहून बांधाचा उत्तरेकडचा कोपरा न कापता ठेवलाय, कुरडू आणि तरोटा तसाच उभा आहे.

जिभाऊ, बरणीचं काय झालं?

जिभाऊ_शिरपूर
२९ सप्टेंबर, सकाळी ६:५०

अळी बारा दिवसांपासून दिसत नाही. काचेला टेकून मातीचा गोळा दिसतो, लहान लिंबाएवढा. गुळगुळीत, जसा हातानं थापलेला. हलवला नाही. नातीनं बरणीवर कागद चिकटवलाय, "भुंगा झोपला आहे."

जिभाऊ_शिरपूर
२४ ऑक्टोबर, सकाळी ८:१५

निघाला.

काल रात्री बरणीतून खरखर ऐकू आली. सकाळी बघतो तर गोळ्याला वरून भोक आणि भुंगा मातीवर बसलेला. अंगावर माती, पाय एकेक करून साफ करत होता. पाठ जुन्या पितळी भांड्याच्या रंगाची, हिरवट झाक, वर पांढरे बारीक ठिपके. मान नाही. खांद्यामागे खाच आहे, नातीनं भिंगातून मला दाखवली.

मुलानं मोबाइलवर फोटो काढलेत. लळिंगच्या भाऊंनी सांगितलं तसा रुमाल धरला होता. वरून, कडेनं, तोंडासमोरून, आणि काचेच्या बरणीच्या भिंतीवर चढला तेव्हा पोटाखालून. पट्टीचाही काढलाय.

सातपुड्याचा_वाटसरू, रावेर
२४ ऑक्टोबर, सकाळी ९:०५

जिभाऊ, अभिनंदन! हा प्रोटेशिया, यात शंका नाही. त्यातल्या ऑरिकॅल्सिया या जातीच्या फार जवळ दिसतोय. पोटाखालचा फोटो मोठ्या आकारात मला पाठवा, दोन मधल्या पायांच्या मधे छातीची एक गाठ पुढे आलेली असते, तिचा आकार बघून सांगतो. शिरपूर तालुक्यातल्या उकिरड्यातली अळी, परातीत पाठीवर चाललेली, बरणीत वाढलेली आणि त्यातून निघालेला भुंगा, अशी सलग नोंद फोटोंसह फार मोलाची आहे. तारखा सगळ्या लिहून ठेवा.

जिभाऊ_शिरपूर
२४ ऑक्टोबर, सायंकाळी ५:४०

फोटो पाठवला.

दुपारपर्यंत तो बरणीतच होता. केळाचा तुकडा दिला, जरा चाटला. मग आमची मंडळी म्हणाली, "सोडी द्या त्याले." दिवाळीसाठी राखलेला झेंडू घरामागे फुललाय, तिथे बरणी आडवी केली. तो काठावर आला, थांबला, पुढचे पाय दोनदा उचलले. झाकण मिटलेलंच ठेवून उडाला, घूं असा आवाज करत. लांब नाही गेला. तिसऱ्या ओळीतल्या मोठ्या नारिंगी फुलावर बसला आणि डोकं आत घातलं. नातीनं त्या झाडाला लाल दोरा बांधलाय, यातली फुलं तोडायची नाहीत म्हणून.

उकिरडा पुढच्या महिन्यात उपसायचा आहे. परात घेऊनच बसणार. गावातल्या आणखी चौघांना बोलावलंय.

पाऊलखुणा, पारोळा
२४ ऑक्टोबर, रात्री ८:००

जिभाऊ, तारीख ठरली की इथे लिहा. मामाला घेऊन मीही येते.